अननोन सोर्सेस: काटोलच्या मेमरी कार्डापासून प्ले स्टोअरच्या कुलपापर्यंत

ज्यांना इअरफोन सापडत नाहीये किंवा जे बसमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या फोनमधल्या एका बटणाचा इतिहास आहे. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायला गेलं की फोन विचारतो, 'या सोर्सला परवानगी द्यायची का?' आपण 'अलाऊ' दाबतो आणि विसरून जातो. हा भाग करायचं कारण घरचं आहे. माझ्या काकांनी ते बटण दाबलं आणि त्यांचे पैसे गेले. ते दाबायला त्यांना शिकवलं होतं मी. ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण आधीचं कळल्याशिवाय ती नीट कळणार नाही.

वीस रुपयांत कार्ड भरून

मी काटोलचा. नागपूरहून पश्चिमेला साधारण साठ किलोमीटर. संत्र्याचं गाव, नागपूर–इटारसी लाइनवरचं स्टेशन. २०११ च्या सुमाराला मी शाळेत होतो आणि घरात एक बटणाचा फोन होता. त्यात इंटरनेट होतं, पण ते चुकून दाबलं गेलं तर बाबा ओरडायचे, कारण बॅलन्स कटायचा.

मग गाणी, गेम, वॉलपेपर कुठून यायचं? बस स्टँडजवळच्या मोबाइल दुकानातून. मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये घालायचा आणि विचारायचा, "नवीन टाकू का जुने?" कॉम्प्युटरवर फोल्डर लागलेले असायचे: हिंदी, मराठी, भजन, डीजे, गेम. वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. गेमच्या त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी 'जार' असायचं. जावावर चालणारी छोटी ॲप्स. दुकानदार ती उतरवून ठेवायचा अशा साइट्सवरून जिथं जगभरची असली ॲप्स एका जागी मिळायची. त्यातली गेटजार ही सगळ्यांत प्रसिद्ध. ती २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली होती. म्हणजे काटोलच्या पोट्ट्यांच्या हातातला क्रिकेट गेम लिथुआनियामार्गे येत होता, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. आम्हाला ॲप कोणी बनवलं हे माहीत नव्हतं, पण दुकानदार माहीत होता. फोन हँग झाला तर त्याच्याकडं जाऊन भांडता यायचं. "भाऊ, काय टाकलं बे तू यात?" असं तोंडावर विचारता यायचं. विश्वास फाइलवर नव्हता, माणसावर होता.

अँड्रॉइड आला, चौकोन घेऊन

पहिला अँड्रॉइड फोन २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विकायला आला आणि त्याच महिन्यात गूगलचं अँड्रॉइड मार्केट सुरू झालं. ६ मार्च २०१२ ला त्याचं नाव गूगल प्ले झालं. पण गूगलनं सुरुवातीपासून एक दार उघडं ठेवलं होतं. सेटिंगमध्ये 'अननोन सोर्सेस' नावाची एक चौकट होती. तिच्यावर टिक केली की बाहेरची कुठलीही ॲप फाइल फोनवर चढवता यायची. आयफोनमध्ये साध्या माणसासाठी असं दार नव्हतं. अँड्रॉइडची ओळखच ती होती.

हे दार सगळ्यांना आवडत होतं असं नाही. अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीनं तिच्या सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांमधून ही चौकटच काढून टाकली होती. २०११ च्या मार्चमध्ये ॲमेझॉननं स्वतःचं ॲप दुकान काढलं, ते या फोनांवर चढेना, लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठं कंपनी नमली. या दाराचा मालक कोण, हे भांडण इतकं जुनं आहे.

आमच्याकडं भांडण वेगळंच होतं. माझा पहिला अँड्रॉइड सेकंड हँड होता. त्यावर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ओपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक आडवाट होती. ॲड्रेस बारमध्ये 'ओपेरा कॉन्फिग' उघडून बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू केला की मराठी पान चित्रासारखं यायचं. फोनची पूर्ण भाषाच मराठी करण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आली २०१४ च्या लॉलीपॉपपासून. त्याआधी मराठी कीबोर्ड, मराठी कॅलेंडर असलं काही हवं असलं तर जो मित्र सांगेल ती फाइल घ्यायची.

आणि प्ले स्टोअर का नाही वापरायचं? एक म्हणजे डेटा. जिओच्या आधी एक जीबी साधारण अडीचशे रुपयांना पडायचा. चाळीस एमबीचा गेम म्हणजे दहा रुपये, आणि मधेच नेट तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. दुसरं म्हणजे गूगल अकाउंट. आमच्या गावात कित्येक फोनांमध्ये दुकानदाराचंच अकाउंट असायचं. पासवर्ड त्यालाच माहीत. तिसरं, पैसे देऊन ॲप घ्यायला घरात कार्ड कोणाकडं होतं?

म्हणून एका पोरानं उतरवायचं आणि बाकीच्यांनी घ्यायचं. ब्लूटूथनं बऱ्याच फोनांवरून एपीके जायची नाही, मग फाइलचं नाव बदलून पाठवायचो. नंतर शेअरइट आणि झेंडर आले. दोन फोनांचं आपसात वायफाय जुळायचं आणि इंटरनेटशिवाय मिनिटभरात गेम इकडून तिकडं. कॉलेजच्या कट्ट्यावर हाच आमचा ॲप बाजार होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आला, डेटा फुकट झाला, पण सवय गेली नाही.

एपीके म्हणजे आहे तरी काय

दोन मिनिटं तांत्रिक, कंटाळू नका. एपीके ही झिप फाइलच असते. आत ॲपचा कोड, चित्रं आणि एक मॅनिफेस्ट असतो. मॅनिफेस्ट म्हणजे ॲपचं मागणीपत्र: मला कॅमेरा पाहिजे, मला एसएमएस वाचायचेत. शिवाय बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. ही सही महत्त्वाची. फोनवर असलेल्या ॲपचं अपडेट त्याच सहीचं असेल तरच चढतं. कोणी मधे फाइल उघडून एक अक्षर बदललं तरी जुनी सही जुळत नाही. त्याला स्वतःची नवी सही करावी लागते, आणि मग ती फाइल मूळ ॲपवर चढत नाही.

'जीबी व्हॉट्सॲप' आठवतं? ब्लू टिक लपवणारं? ते मूळ व्हॉट्सॲपचं अपडेट म्हणून कधीच चढत नव्हतं, कारण सही दुसऱ्याचीच. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं अशी ॲप्स वापरणाऱ्यांची अकाउंट्स तात्पुरती बंद केली, तेव्हा आमच्या ग्रुपमधले निम्मे गायब झाले होते.

पण सही एवढंच सांगते की ही फाइल त्याच हातातून आलीय. तो हात चोराचा आहे की सज्जनाचा, हे सही सांगत नाही.

जेव्हा स्टोअरमधून ॲप गायब होतं

आता येतो असा काळ की बाहेरून ॲप घेणं गरिबीमुळं नव्हतं, ॲप स्टोअरमध्ये नव्हतंच म्हणून होतं.

३ एप्रिल २०१९ ला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं टिकटॉकचं डाउनलोड थांबवायला सांगितलं. एप्रिलच्या मध्यावर ते प्ले स्टोअरमधून गेलं, २४ एप्रिलला बंदी उठली. मधल्या दिवसांत फोनवर आधीपासून असलेलं टिकटॉक मस्त चालत होतं आणि नवीन लोक एपीके घेत होते. सगळ्यांना वाटलं, बंदी म्हणजे एवढंच असतं.

२९ जून २०२० ला तो समज गेला. केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉक, यूसी ब्राउझर, कॅमस्कॅनर, आणि आमचा लाडका शेअरइटसुद्धा. या वेळी कंपनीनं भारतातली सेवाच बंद केली. एपीके फोनवर चढायची, पण उघडली की पलीकडं कोणी नाही. ॲप म्हणजे फोनमधली फाइल नसते, तिच्यामागं कुठंतरी सर्व्हर असतो, हे त्या महिन्यात गावातल्या शेवटच्या पोराला कळलं.

पबजीचं दोन्ही झालं. २ सप्टेंबर २०२० ला बंदी, पण सर्व्हर ३० ऑक्टोबरपर्यंत चालू. त्या दोन महिन्यांत एपीकेची देवाणघेवाण जोरात होती. नंतर २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून काढला गेला, पण सर्व्हर सुरूच राहिला. मे २०२३ मध्ये तो परतला. त्या दहा महिन्यांत ज्याला खेळायचं होतं त्यानं फाइल मागून घेतली आणि खेळला.

मुंबईची कंपनी, स्टोअरबाहेर

महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं उदाहरण मात्र बंदीचं नाही, नियमाचं आहे. ड्रीम११. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये सुरू केलेली मुंबईची कंपनी. पैशांची स्पर्धा असलेली ॲप्स प्ले स्टोअरवर भारतात चालत नव्हती, म्हणून अँड्रॉइडवर ड्रीम११ कंपनीच्या वेबसाइटवरून एपीकेनंच घ्यावं लागायचं. ॲपलच्या स्टोअरवर मात्र ते होतं. ३० एप्रिल २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, तरी गूगलचा नियम तोच राहिला. २०२० मध्ये याच कंपनीनं २२२ कोटींना आयपीएलचं शीर्षक प्रायोजकत्व घेतलं.

विचार करा. देशातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेच्या नावात जिचं नाव, तिचं ॲप गूगलच्या भाषेत 'अननोन सोर्स'. टीव्हीवर धोनी दिसतोय, आणि फोन म्हणतोय की ही फाइल धोक्याची असू शकते. त्या एका हंगामात किती लोकांना 'फोन असं म्हणतोच, तू अलाऊ दाब' हे शिकवलं गेलं असेल? माझ्या काकांना मी तेव्हाच शिकवलं. त्यांना मॅचची टीम लावायची होती.

२८ सप्टेंबर २०२२ पासून गूगलनं फँटसी स्पोर्ट्स आणि रमीला प्ले स्टोअरवर प्रायोगिक प्रवेश दिला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांचे खेळच बंद झाले. आता ड्रीम११ वर पैसे लावता येत नाहीत. पण शिकवलेली सवय कायद्यानं जात नाही.

दुकानाच्या मालकाशी भांडण

दरम्यान दुसरीकडं मोठ्यांची लढाई सुरू होती. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. बाहेरून ॲप देण्यावर अडथळे घालू नका, असंही त्या आदेशात होतं. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. त्यात बाहेरून ॲप देण्याबद्दलचा निर्देशही होता.

१ मार्च २०२४ ला गूगलनं शुल्काच्या वादातून दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स स्टोअरमधून काढायला सुरुवात केली. नोकरी, शादी, भारत मॅट्रिमनी, आणि आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांचं कुकू एफएमसुद्धा. सरकार मधे पडलं, काही दिवसांत ॲप्स परत आली. पण त्या काही दिवसांत जे कळलं ते महत्त्वाचं होतं. नोकरी शोधायचं आणि लग्न जुळवायचं साधन एका कंपनीच्या एका निर्णयानं दिसेनासं होऊ शकतं. तेव्हा बाहेरचं दार असणं ही चैन नसते.

त्याच्याच आठवडाभर आधी, २१ फेब्रुवारी २०२४ ला, फोनपेनं मराठीसह बारा भारतीय भाषांमधलं इंडस ॲपस्टोअर आणलं. गंमत अशी की दुसरं ॲप दुकान प्ले स्टोअरवर ठेवता येत नाही, त्यामुळं ते उतरवायलाही आधी 'अलाऊ'च दाबावं लागतं. एफ-ड्रॉइडचंही तसंच. २०१० पासून चालणारं ते मुक्त सॉफ्टवेअरचं दुकान, जिथं ॲपचा कोड सगळ्यांना बघता येतो आणि बहुतेक ॲप्स ते लोक स्वतः त्या कोडवरून बांधून देतात. मी वर्षानुवर्षं वापरतोय.

चालानची फाइल

आता काका.

२०२४ चा नोव्हेंबर. अंबिया बहाराचा संत्रा निघत होता. व्यापाऱ्यानं बागेचे पैसे खात्यात टाकले होते. काका बागेत होते. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तुमच्या गाडीचं चालान फाटलंय, खाली बघा. खाली एक फाइल, आरटीओ चालान, डॉट एपीके. मेसेज अनोळखी नंबरवरून नव्हता. आमच्याच नात्यातल्या एकाचा नंबर होता. त्याच्या फोनमध्ये तीच फाइल आधी घुसली होती आणि ती सगळ्या कॉन्टॅक्ट्सना जात होती.

काकांनी उघडली. फोननं विचारलं, अलाऊ? त्यांनी दाबलं. फोननं पुन्हा बजावलं. त्यांनी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. ॲपनं एसएमएसची परवानगी मागितली. दिली. स्क्रीनवर काहीच आलं नाही. "थे काही उघडलंच नाही, मंग म्या ठेवून देला फोन," असं ते नंतर म्हणाले.

ओटीपी त्यांच्या फोनवर येत होते आणि तिथून दुसरीकडं जात होते. संध्याकाळपर्यंत ७८ हजार गेले. मी नागपूरला होतो. फोन आल्या आल्या १९३० वर तक्रार केली, विमान मोडवर टाकायला लावलं, बँकेला कळवलं. ३१ हजार वाटेतच रोखले गेले आणि पुढं मिळाले. बाकी गेले.

मी घरी गेलो तेव्हा मनात राग होता, आणि तो मी काढला. "काका, अशी फाइल कोणी दाबतं का?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तूच तं सांगतलं होतं न बाबू, फोन भेववते, आपण अलाऊ दाबाचं म्हणून."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

तांत्रिकदृष्ट्या बघा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ती एकच मोठी चौकट गेली, आता प्रत्येक ॲपसाठी वेगळी परवानगी लागते. काकांचा फोनही नवा होता. माझी जुनी सेटिंग त्यात कुठंच नव्हती. त्यांच्या डोक्यात राहिली होती. मी त्यांना दाबायचं शिकवलं, कधी दाबायचं नाही ते शिकवलं नाही.

काका एकटे नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशाच लग्नपत्रिकेच्या फाइलीतून १ लाख ९० हजार गेले. लग्नसराईत पत्रिका, पेरणीत पीएम किसान, दिवाळीत चालान. चोरांना आपलं पंचांग पाठ आहे.

मग दार बंद करायचं का?

गूगलचं उत्तर साधारण तसंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी भारतासाठी एक योजना जाहीर केली. ब्राउझर, मेसेज किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं, ॲक्सेसिबिलिटी असल्या परवानग्या मागत असेल तर ते चढूच द्यायचं नाही. ही गोष्ट काकांच्या फोनवर त्या दिवशी चालू असती तर पैसे वाचले असते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

पुढचं पाऊल मोठं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की सर्टिफाइड अँड्रॉइड फोनांवर ॲप चढवायचं असेल, मग ते कुठूनही येवो, तर बनवणाऱ्यानं गूगलकडं ओळख पटवलेली असली पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि २०२७ पासून बाकी जग. एफ-ड्रॉइडनं विरोध केला: असं झालं तर आमचं दुकान चालणारच नाही. नोव्हेंबरमध्ये गूगल थोडं मागं आलं. जाणकारांसाठी वेगळा मार्ग ठेवू, विद्यार्थ्यांसाठी मर्यादित खातं देऊ, असं म्हणालं.

माझा एक मित्र काटोलच्या शेतकऱ्यांसाठी संत्र्याचे भाव दाखवणारं छोटं ॲप बनवतो. शंभरेक लोक वापरतात. प्ले स्टोअरवर टाकायचं तर २५ डॉलर फी, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून १४ दिवस चाचणी. तो फाइल ग्रुपवर टाकतो. काका ती घेतात, कारण तो समोरच्या गल्लीतला आहे. ते दार बंद झालं तर त्याचंही ॲप जाईल. नाही झालं तर पुढच्या पत्रिकेची फाइल येईल. मला दोन्ही दिसतात. म्हणून मी कोणाच्या बाजूनं घोषणा देत नाहीये.

मी काय केलं ते सांगतो. काकांसोबत बाजेवर बसलो आणि तीनच गोष्टी ठरवल्या. एक, चालान, पत्रिका, बिल हे कधी एपीके नसतं. ते फोटो किंवा पीडीएफ असतं. दोन, फाइल ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी त्या माणसाला फोन करायचा, आवाज ऐकायचा. तीन, बाहेरचं ॲप घ्यायचंच असेल तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून, आणि त्यानं एसएमएस मागितले तर तिथंच थांबायचं.

काका म्हणाले, "म्हणजे पहिल्यासारखंच, दुकानदाराले इचारून."

हो, अगदी तसंच. बस स्टँडजवळचं ते दुकान आता मोबाइलचे कव्हर विकतं. कार्ड रीडर काचेच्या कपाटात पडलेला आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दुकानदारानं ओळखलं आणि विचारलं, "काय टाकू?"

तुमच्या घरात 'अलाऊ' दाबायला कोणी कोणाला शिकवलं? आज संध्याकाळी त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा, आणि राहिलेलं अर्धं शिकवा. जमलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावू. पैसे गेलेच असतील तर लाज बाळगू नका, पहिल्या तासात १९३० लावा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, राजेहो.